पालथी दुरडी

शेतकऱ्याच्या घरात जन्माला येऊन मला बैल हाकता आले नाहीत, ही माझी पहिली नामुष्की. निजामाच्या मुलखात, साखऱ्याला आमची कोरडवाहू जमीन होती आणि ती थोरला भाऊ कसायचा. मी औताला हात लावला की बैल जागच्या जागी उभे. दादा बांधावरून ओरडायचा, "लेका, बैलबी तुला वळखत न्हाई रं. सोड ते, आन् घरी जाऊन भाकरी थापू लाग." आई हसायची, वहिनी पदर तोंडाला लावून हसायची. मीही हसायचो, पण आतून जळायचो. लहानपणापासून मी तापट आहे आणि तो ताप बाहेर काढायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती. असल्या माणसाचं जे व्हायचं तेच माझं झालं.

एकच काम मला दादापेक्षा बरं जमायचं. खळ्यावर ज्वारीची रास लावायचं. उफणलेली ज्वारी नुसती ओतली की तिचा ढिगारा होतो, रास होत नाही. मी आंघोळ करून, पायातलं बाहेर काढून खळ्यात शिरायचो. तळहातानं चढ सारखा करत करत वर जायचो आणि माथ्याला असं टोक बांधायचो की चिमणी बसली तर दाणा हलू नये. मग भोवती राखेची रेघ, मग नारळ, मग माप. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, आणि लाभ म्हणेपर्यंत खळ्यात कुणी तोंड उघडायचं नाही. रास म्हणजे आमच्याकडं देव. देवाच्या पोटात काय आहे असं कुणी विचारत नाही. गावातले दोनचार जण रास लावायला मला मुद्दाम बोलवायचे आणि दादा मोठ्या तोंडानं सांगायचा, "न्या की. राशीपुरता त्यो शहाणाच हाय."

लढाईची वर्षं होती. लढाई नेमकी कुठं चालली आहे हे साखऱ्यात कुणाला धड माहीत नव्हतं. पण रॉकेल मिळेनासं झालं होतं, कापड मिळेनासं झालं होतं, त्यावरून ती खरीच असावी असं सगळे धरून चालले होते. त्या वर्षी खळी चालू असताना हिंगोलीचे एक किराणा दुकानदार धान्य बघायला आमच्याकडं आले. आमच्या खळ्यावर आले आणि माल बघायचा सोडून राशीकडंच बघत उभे राहिले.

"हे कोणी लावलं?" त्यांनी विचारलं.

दादानं माझ्याकडं बोट दाखवलं.

"माझ्या दुकानात मांडणीला माणूस पाहिजे," ते मला म्हणाले. "येतोस का हिंगोलीला? राहणं, जेवणं माझ्याकडं."

मांडणीला माणूस लागतो हेच आम्हाला नवीन होतं. दुकानात माल असतो, गिऱ्हाईक मागतं, दुकानदार देतो. मधे मांडायचं काय? पण मला खोलात जायचं नव्हतं. सावलीतलं काम, स्वच्छ धोतर आणि बैल नाहीत. मी दादाच्या तोंडाकडं बघायच्या आत हो म्हणालो. निघताना आईनं दही हातावर घातलं. दादानं सेनगावपर्यंत स्वतःच्या गाडीतून पोचवलं आणि वाटभर एकच गोष्ट तीन वेळा सांगितली. दुकानात आपला माणूस असला म्हणजे बाजाराचं खरंखोटं कळतं, आता आपल्याला कोणी फसवणार नाही.

हिंगोलीचं दुकान पाहिलं आणि माझा जीव गार झाला. बाहेरून भरगच्च. फळ्यांवर डब्यांच्या ओळी, खाली पोत्यांची रांग, पुढं ओट्यावर ज्वारी, तूर, हळद, मिरच्यांचे ढीग. मला वाटलं, अलिबाबाची गुहाच सापडली. पहिल्या सकाळी झाडून पुसून घ्यावं म्हणून मी एक डबा उचलायला गेलो. डबा जड असणार म्हणून जोर लावला होता. तो उडून माझ्याच कपाळावर आला. रिकामा. शेजारचा उचलला, तोही रिकामा. चहाचे पाच डबे होते. एकात चहा आणि चारांत चहाचा वास. शेठजी गादीवर बसून देवाची उदबत्ती लावत होते. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"माल येत नाही," ते शांतपणे म्हणाले. "सगळीकडं तंगी आहे. पण ती लोकांना दिसता कामा नये. गिऱ्हाईक डोळ्यानं घेतं आणि शेतकरी डोळ्यानं विकतो. तुझं काम डोळ्यांचं आहे."

मग त्यांनी ओट्यावरचा ज्वारीचा ढीग मला हातानं बाजूला सारायला लावला. चार बोटं ज्वारी सरली आणि खाली गोणपाट लागलं. गोणपाट उचललं तर खाली एक मोठी दुरडी, पालथी घातलेली. एवढ्या ढिगाची ज्वारी माझ्या अंदाजानं चारपाच पायल्या भरली असती. दिसायला ती दोन पोती दिसत होती.

"हे असं उभं राहत नाही," शेठजी म्हणाले. "कड दिसते, घसरतं. खळ्यावर तू जसं लावलं होतंस तसं लाव."

राशीच्या पोटात दुरडी घालायची, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आमच्याकडं असं करणाऱ्याला वाळीत टाकलं असतं. मी त्या दिवशी आंघोळ करून आलो नव्हतो, एवढीच त्यातल्या त्यात बरी गोष्ट. मग मी खाली बसलो आणि रास लावली. उत्तम लावली. खोटं कशाला बोलू, हात फिरू लागले तसा मला आनंदच झाला. पालथ्या दुरडीवर दाणा धरून ठेवणं खळ्यापेक्षा अवघड होतं आणि ते मला पहिल्याच दिवशी जमलं. शेठजी रस्त्याच्या पलीकडं जाऊन बघून आले आणि म्हणाले, "बराबर." माझ्या कामाला बराबर म्हणणारा तो पहिला माणूस. दादा नेहमी 'राशीपुरता' असा शब्द जोडायचा.

महिनाभरात मी त्या विद्येत पारंगत झालो. गुळाची एकच भेली असायची, तिची कापलेली बाजू भिंतीकडं. खोबऱ्याच्या वाट्या पालथ्या ठेवल्या की डझनभरात टोपली भरते. तुटकी हळद तळाला आणि वर लांब, जाड हळकुंडं आडवी. मिरच्या रोज सकाळी हातानं फुगवायच्या. ज्वारीचं माप घ्यायचं ते ढिगाच्या मागल्या अंगानं आणि गिऱ्हाईक वळलं की लगेच हात फिरवून तोंड सारखं करायचं. गावाकडचे लोक बाजाराला आले की मी ओट्याच्या कडेला ऐटीत उभा राहायचो. कुणी म्हणालं, "लई भरलंय की दुकान," की मला माझीच स्तुती झाल्यासारखं वाटायचं. मूर्ख माणसाला स्तुती कुठूनही चालते.

एकदा मात्र फजिती झाली. बाजाराचा दिवस होता. एक म्हातारी आपल्या दोन शेळ्या घेऊन ओट्यापाशी मीठ मागत उभी होती. एका शेळीनं समोरूनच ज्वारीत तोंड घातलं. मी हाड हाड करेपर्यंत दाणे घसरले, गोणपाट सरकलं आणि दुरडीची कड उघडी पडली. म्हातारी वाकून बघायला लागली.

"काहून रं लेकरा," ती म्हणाली, "ज्वारीच्या पोटात दुरडी काहून झाकून राहिला?"

मला तोंड लपवायला जागा नव्हती. शेठजी गादीवरून उठले, गुळाचा खडा फोडून तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आजीबाई, खालून ओल चढू नये म्हणून असतं ते."

म्हातारीनं गूळ तोंडात टाकला, शेळी ओढली आणि जाता जाता मला म्हणाली, "गूळ देऊन राहिला, म्हणजे ओल कुठं हाय ते कळलं मला."

आजूबाजूचे चारदोन जण हसले, पण म्हातारी चावट आहे एवढंच त्यांना समजलं. मी त्याच दिवशी गोणपाट दुरडीला सुतळीनं शिवून टाकलं. लाज वाटायची ती अशी वाटली. दुरडी घातल्याची वाटली नाही, ती उघडी पडल्याची वाटली.

आता पेवाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथं अडलं होतं. आमच्या वाड्याच्या मागं वडिलांनी खणलेलं पेव होतं. अरुंद तोंडाचं, आत पोट मोठं, कडब्यानं अस्तर लावलेलं. सुगीनंतर घरची ज्वारी त्यात भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. बंद आहे तोवर ती दोन दोन वर्षं टिकते. पण एकदा तोंड फोडलं की सगळी बाहेर काढावी लागते. वारा लागला की पाऊसकाळात ओल धरते, किडते. म्हणून पेव कुणी सहज फोडत नाही. श्रावणापर्यंत धरलं तर घर जेवतं आणि उरलेल्याला चांगली किंमत येते. पुढं भाव पडायची लक्षणं असली तर मात्र चैत्र-वैशाखातच फोडून मोकळं व्हायचं. ही लक्षणं ओळखायला आमचे लोक बाजारात जायचे आणि दुकानांतले ढीग बघायचे. ढीग मोठे असले तर धान्य बक्कळ आहे, पुढं स्वस्त होणार. ढीग बारीक असले तर धरून बसा. आजवर त्यांचा हा ठोकताळा कधी चुकला नव्हता. त्यांना ढीग म्हणजे रास वाटायची.

फाल्गुनात साखऱ्याचा एक शेजारी निरोप घेऊन आला. आमचा एक बैल म्हातारा झाला होता, दादाला दुसरा घ्यायचा होता. "तुह्या दादानं इचारलंय, पेव फोडू का श्रावणापर्यंत ठेवू? तू दुकानात हायेस, तुला समद्याच्या आदी कळंल."

मला चांगलंच कळलं होतं. कोठीत बोटावर मोजण्याइतकी पोती होती. हिंगोलीत कुणाच्याच कोठीत ज्वारी नव्हती, ओट्यावर दिसायची तेवढीच. कनेरगावच्या नाक्यापलीकडं, इंग्रजांच्या वऱ्हाडातही ज्वारीची ओढ होती, असं येणारे जाणारे सांगत होते. श्रावणात हाल होणार हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. मी शेजाऱ्याला म्हणालो, "दादाला सांगा, मी येऊन सांगतो. तोवर पेवाला हात लावू नका म्हणावं."

एवढं मात्र मी केलं. मी येतो म्हणालो, आणि जायचं मनात होतं. शेठजींकडं दोन दिवसांची सुट्टी मागितली. ते म्हणाले, पाडवा होऊ दे. पाडवा झाला, तर म्हणाले, हे दोन बाजार होऊ देत, शेतकरी माल घेऊन येण्याचे हेच दिवस आहेत, तूच नसलास तर मांडणार कोण? मला ते ऐकून बरं वाटलं. पुन्हा मागायला हवी होती ती मागितली नाही.

मी येत नाही म्हणून दादाच आला. बाजाराच्या दिवशी, भर सकाळी. ओट्यावर ऊन होतं. त्या सकाळी मी नेहमीपेक्षा जास्त मन लावून ज्वारी मांडली होती, दाणा नुसता मोत्यासारखा चमकत होता. दादा रस्त्याच्या पलीकडं थबकला. मला हात केला नाही. आधी राशीकडं बघितलं, खालपासून माथ्यापर्यंत, मग सावकाश रस्ता ओलांडून आला.

"या पाटील," शेठजी म्हणाले. कुणालाही पाटील म्हणायची त्यांची रीत होती. "भावाला भेटायला आलात? बघा, ठेवायला जागा नाही अशी गत आहे. पाऊसकाळात ज्वारी कोणी हुंगणार नाही, असं दिसतंय."

दादा माझ्याकडं बघू लागला.

शेठजींनीही माझ्याकडं बघितलं. "काय रे, खरं का खोटं? तू तर रोज बघतोस."

"व्हय," मी म्हणालो. "बराबर हाय."

नंतर दादाबरोबर मी गाड्यांच्या अड्ड्यावर गेलो. शेठजींनीच जा म्हटलं होतं. ते काही माझ्या मानगुटीवर बसले नव्हते. तिथं आम्ही दोघंच होतो. दादानं तोंड धुतलं, गाडीच्या सावलीला बसला, तंबाखू मळली. त्याचा चेहरा खुललेला होता. तसा तो मी सुगीशिवाय कधी बघितला नव्हता.

"शेठाच्या बोलण्यावर म्या इस्वास ठेवला न्हाई," तो म्हणाला. "पण रास तुह्या हातची हाय. त्या कडंनं दिसली मला. म्हनलं, हे टोक तर आपल्याच खळ्यावरचं. मंग इचारायचं काय राहिलं?" मग म्हणाला, "बैल हाकता आले न्हाईत तर न्हाईत. तुहं बरं झालं लेका. आई रोज समद्या आळीला सांगून राहिली."

"दादा, ती रास पोकळ आहे." एवढंच सांगायचं होतं. आसपास ऐकणारं कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "नवा बैल कुठून घेणार?"

नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो, हे कारण पुढं मी बरीच वर्षं मनाला सांगत होतो. ते खरं नाही. दादानं त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मला शाबासकी दिली, आणि ती ज्या राशीबद्दल दिली तिच्या पोटात दुरडी आहे हे मला त्याला सांगवेना. माझ्या अब्रूसाठी मी घरची ज्वारी दिली. दुसरं काही कारण नाही.

तो गेल्यावर मात्र मला चैन पडेना. ठरवलं, पुढच्या बाजाराला साखऱ्याचं जे कुणी येईल त्याच्याबरोबर निरोप धाडायचा, पेव फोडू नका म्हणून. पुढच्या बाजाराला तोच शेजारी आला. मी ओट्यावरून उडी मारून त्याच्यापाशी गेलो. मी बोलायच्या आत तोच म्हणाला, "फोडलं की तुमचं पेव. कंदील सोडून बघितला, इझला न्हाई, मंग तुहा दादा सोता उतरला. दाना अगदी बेस हाय."

वैशाखात आमची ज्वारी गाडीतून आली. दादानं घरात आषाढापर्यंत पुरेल एवढी आणि बियाणं ठेवलं होतं. पुढं लागेल ती दुकानातून स्वस्तात घेऊ, असा त्याचा हिशेब होता. पोती उतरवायला मीच होतो. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस, मातकट वास असतो. तो नाकात गेला आणि मी क्षणभर घराच्या मागच्या अंगणात होतो. दादा पोतं पाठीवर घेऊन माझ्यापुढं कोठीत जात होता आणि मधेच वळून हसत होता. शेठजींनी मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली.

"उद्यापासून वर हीच घाल," ते मला म्हणाले. "दाणा देखणा आहे."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या पेवातली ज्वारी त्या दुरडीवर घातली. ती बघून आणखी किती जणांनी आपापली पेवं फोडली, देव जाणे. भरलेल्या गाड्या येत राहिल्या. कोठी छताला टेकली. आता दुरडीची काहीच गरज नव्हती, खरीच दोन पोती ओट्यावर ओतता आली असती. पण शेठजी म्हणाले, आहे तेच बरं दिसतं.

पाऊस उशिरा आला आणि येऊन दडी मारून बसला. पेरलेलं करपलं. लोकांनी घरात होतं नव्हतं ते काढून दुबार पेरलं. आषाढाच्या मध्याला एका सकाळी शेठजींनी कोठीला कुलूप घातलं, किल्ली जानव्याला बांधली आणि मला म्हणाले, "आता उलटं कर."

मी मिरच्या फुगवत होतो, तो थांबलो.

"दुकान रिकामं दिसलं पाहिजे," ते म्हणाले. तोच शांत आवाज, तीच उदबत्ती. "आहे म्हटलं तर दारात दंगा होईल. थोडं थांबायचं आहे."

भरलेलं दुकान रिकामं दाखवणं फार सोपं निघालं. मी दुरडी सुलटी केली आणि तिच्या तळाला झाडणीची ज्वारी पसरली, खड्यांसकट. डब्यांची झाकणं काढून डबे आडवे ठेवले. रिकामी पोती घड्या घालून दिसतील अशी रचली. मिरच्यांची टोपली तर तळ दिसावा म्हणून रस्त्याकडं कलती केली. यातही मी चोख काम केलं. माझा राग कुठं गेला होता म्हणाल, तर तो होता. तो मी डबे आपटण्यात काढत होतो. बायका येत, दुरडीत वाकून बघत आणि जात. दुपारी शेठजींच्या स्वयंपाकघराच्या मागल्या दारी मी जेवायला बसायचो. भाकरीला पेवाचा वास यायचा. पहिले दोन दिवस घास फिरला. मग फिरेनासा झाला.

ती नोकरी मी त्यानंतरही सोडली नाही. निजामाचा अंमल गेला तेव्हाही मी त्याच ओट्यावर होतो. सोडून जायचं कुठं? बैल मला ओळखत नव्हते आणि घरी कुणाला तोंड दाखवायचं धाडस नव्हतं. पण ते पुढचं. मला सांगायचं आहे ते त्या श्रावणातलं.

दादा पायी आला. साखऱ्याहून हिंगोली पायी म्हणजे दोन दिवस. खांद्यावर रिकामं पोतं, कमरेला बांधलेलं एक फडकं. मी त्याला लांबून ओळखलं नाही. चालणं बदललं होतं. या वेळी तो पलीकडं थबकला नाही, सरळ ओट्यापाशी आला आणि दुरडीत वाकून बघितलं.

"न्हाई का रं काई?" त्यानं विचारलं.

"पाटील, तुम्हीच बघा," शेठजी गादीवरून म्हणाले. "आम्हीच विकत आणून खातोय. काय दिवस आलेत."

"आपली गेली का?"

"रेल्वेनं गेली," शेठजी म्हणाले. "कधीच."

दादानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या बघण्यात संशयाचा लवलेश नव्हता. असता तर मी कदाचित बोललो असतो; एखाद्यानं आपल्यावर आळ घेतला की आपल्याला खरं बोलायचा जोर येतो. कोठीची भिंत त्याच्या हातापासून चार हातांवर होती आणि तिच्यामागं वडिलांच्या पेवातली पोती, दादानं स्वतः पाठीवर वाहून नेलेली, तळाला तशीच होती.

"दोन पायल्याबी न्हाई?"

"न्हाई दादा," मी म्हणालो.

तो रागावला नाही. "दुकानातच न्हाई, तर तू कुठून देशील," असं म्हणाला आणि ओट्याच्या पायरीवर बसला. मी त्याला पाणी आणून दिलं. त्यानं घरचं सांगितलं. नवा बैल विकला. तरोट्याची भाजी रानात आहे तोवर आहे. लेकरं रडत नाहीत आता, नुसती पडून असतात. आई संध्याकाळची जेवत नाही, भूकच न्हाई म्हणते. हे सगळं त्यानं गावची साधी खबर सांगावी तसं सांगितलं. मग तो पुन्हा त्या आडव्या डब्यांकडं, घडी घातलेल्या पोत्यांकडं, कलत्या टोपलीकडं बघू लागला आणि बघता बघता त्याचा चेहरा पडला.

"मंग तुला काय खायला घालून राहिला ह्यो?" त्यानं हळू आवाजात विचारलं, शेठजींना ऐकू जाऊ नये असं.

दुपारचं जेवण त्या दिवशी लवकर झालं होतं. दोन भाकरी आणि वरण खाऊन मी नुकताच हात धुतला होता.

दादानं कमरेचं फडकं सोडलं. त्यात एक भाकरी होती. काळपट, चिंचोक्याच्या पिठाची, ज्वारी नावाला. परतीच्या वाटेसाठी एवढीच त्याच्याजवळ होती. त्यानं ती मधोमध मोडली आणि अर्धी माझ्यापुढं धरली.

"खा. वाळला लेका तू."

"मला भूक न्हाई, दादा."

"आईवानी बोलू नको," तो म्हणाला. "खा माह्या म्होरं."

उरलेली अर्धी त्यानं फडक्यात परत बांधली. मी शेवटचा घास गिळेपर्यंत तो पायरीवर समोर बसून राहिला, आणि मी ती सगळी खाल्ली.